क्रुसेडचा वारसा आणि आपली मुले

महाराष्ट्रातून कोणी आप्त लंडनला आले म्हणजे त्यांना घेऊन आपण एक ठरलेली वाट चालतो. किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे निवासस्थान, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन् आणि अखेरीस वेस्टमिन्स्टर येथील पार्लमेंट. या पार्लमेंटच्या इमारतीसमोर घोड्यावर आरूढ झालेल्या, तलवार उंचावलेल्या एका राजाचा पुतळा आहे. 'सिंहहृदयी' म्हणून गौरविल्या गेलेल्या पहिल्या रिचर्ड राजाचा हा पुतळा १८६० साली तेथे उभारण्यात आला. हा राजा कोण, असे पाहुणे विचारतात; आणि शाळेत शिकलेल्या धड्याच्या बळावर उत्तर आपली मुलेच देतात. तो क्रुसेडवर गेला, सलादीनशी लढला, फार शूर होता. पाहुणे कौतुकाने मान डोलावतात. आम्ही मात्र तेथे थोडे घुटमळतो.

घुटमळण्याचे कारण असे की, 'क्रुसेड' या शब्दासाठी आपल्या मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द 'धर्मयुद्ध' हा आहे. आपल्या भाषेत धर्मयुद्ध हा निंदेचा शब्द नव्हे. तो गौरवाचा शब्द आहे. नियमाने लढलेले, न्याय्य, पुण्यप्रद असे युद्ध, असा अर्थ त्याला महाभारतापासून चिकटलेला आहे. क्रुसेडला धर्मयुद्ध म्हणताच, काय घडले हे तपासण्यापूर्वीच आपण त्याला प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतो. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर विचारपूर्वक धर्मांतर केले, त्या समाजाने तरी असे प्रशस्तिपत्र न तपासता देऊ नये. म्हणून या इतिहासाकडे बाबासाहेबांनी दिलेल्या दृष्टीने, म्हणजे ज्यांच्या वाट्याला गौरव आला नाही त्यांच्या बाजूने, पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

१०७१ साली मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाईन साम्राज्याचा पराभव केला. पुढे सम्राट अलेक्सियस कॉम्निनस याने पश्चिमेकडे लष्करी मदत मागितली. त्याला हवे होते काही पगारी सैनिक. मिळाली मात्र एक लाट. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने आवाहन केले की, जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जो शस्त्र धरील त्याचे प्रायश्चित्त माफ होईल. तोपर्यंत माणूस मारणे हे ख्रिस्ती सैनिकासाठीही प्रायश्चित्ताचे कारण होते. आता ते प्रायश्चित्ताचे साधन झाले. आमच्या मते क्रुसेडच्या इतिहासातील सर्वांत घातक घटना कोणती लढाई नसून हा बदल आहे.

हे सारे केवळ लुटीच्या लोभाने घडले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने या मोहिमेसाठी आपले राज्य भावाकडे, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० मार्कांना गहाण टाकले. अनेक सरदारांनी जमिनी विकल्या. अर्थात लोभी माणसे तेथे होती, तशीच मनापासून श्रद्धा असणारीही होती. आणि हीच बाब अधिक भयावह आहे. लोभी माणूस पोट भरल्यावर थांबू शकतो. मारण्यात पुण्य आहे अशी ज्याची खात्री झाली, त्याला थांबविणारे त्याच्या आत काहीच उरत नाही. रॉबर्टला दिलेली रक्कम उभी करण्यासाठी इंग्लंडमध्ये कर बसविण्यात आला, हेही लक्षात ठेवावे. स्वर्ग ड्यूकला मिळणार होता. त्याची किंमत कष्टकऱ्यांच्या घामातून वसूल होत होती.

या युद्धाचे पहिले बळी मुसलमान नव्हते. १०९६ च्या वसंतात ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्झ या नगरांत क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी यहुदी वस्त्यांवर हल्ले केले. दूरच्या शत्रूकडे जाण्यापूर्वी जवळच्या दुबळ्या शेजाऱ्यालाच आधी संपवावे, असा हा हिशेब होता. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडले, तेव्हा तेथील मुसलमान व यहुदी रहिवाशांची सरसकट कत्तल झाली. उरलेल्यांना नगरात राहण्यास बंदी करण्यात आली.

राज्य स्थापन झाल्यावर काय झाले? ज्या पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांच्या रक्षणासाठी हा खटाटोप होता, त्या स्थानिक सीरियाई ख्रिस्ती लोकांना नव्या राज्यात बरोबरीचे स्थान मिळाले नाही. पश्चिमेकडून आलेले लॅटिन ख्रिस्ती हे वरच्या दर्जाचे, कायद्यात आणि न्यायालयात त्यांचा मान वेगळा. स्थानिक ख्रिस्ती शेतकरी मात्र मुसलमान शेतकऱ्याच्याच पंगतीला. आम्हांस हे चित्र फार ओळखीचे वाटते. लढाईच्या वेळी 'आपण सारे एकाच धर्माचे' आणि लढाई संपल्यावर 'तुझी जागा ही', हा अनुभव आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे.

ऑक्टोबर ११८७ मध्ये सलादीनने जेरुसलेम परत घेतले. १०९९ सारखी कत्तल त्याने होऊ दिली नाही, म्हणून इतिहास त्याची योग्य ती स्तुती करतो. मात्र खंडणीचा दर ठरला होता : पुरुषामागे दहा दिनार, स्त्रीमागे पाच. ज्यांना पैसे भरता आले ते सुटले. ज्यांना आले नाहीत अशी हजारो गरीब माणसे गुलाम झाली. त्या वेळी जेरुसलेमचा मुख्य धर्मगुरू, पॅट्रिआर्क हेराक्लियस, आपली खंडणी भरून चर्चमधील सोन्यारूप्यासह नगराबाहेर पडला, असे समकालीन इतिहासकारांनी नोंदविले आहे. वाचकांनी आणखी एक तपशील ध्यानी घ्यावा. याच हेराक्लियसने, त्यापूर्वी दोनच वर्षे, १० फेब्रुवारी ११८५ रोजी, लंडनमधील टेंपल चर्चचे पवित्रीकरण केले होते. ते वर्तुळाकार चर्च आजही उभे आहे, आणि बाबासाहेब जेथे बॅरिस्टर झाले त्या ग्रेज इन् पासून पायी जाण्याइतके जवळ आहे. पुढल्या वेळी पाहुण्यांना तेथेही न्यावे, आणि नगराबाहेर जाणारे ते सोने व मागे राहिलेली ती माणसे, दोहोंची आठवण सांगावी.

सलादीनही देवदूत नव्हता. हत्तीनच्या लढाईनंतर हाती लागलेल्या टेंप्लर व हॉस्पिटलर सरदारांचा त्याने शिरच्छेद करविला. आणि ज्याच्या पुतळ्यापाशी आपण उभे राहतो त्या रिचर्डने १९९१ नव्हे, ११९१ साली अक्का शहराबाहेर सुमारे २,७०० मुसलमान कैद्यांना ठार करविले. शतकाचा हा फरक आम्ही मुद्दाम उच्चारतो; कारण आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट कालपरवाची वाटावी, अशी भाषा आज पुन्हा ऐकू येऊ लागली आहे.

रिचर्डच्या मोहिमेची झळ इंग्लंडमध्ये कोणास लागली, तेही पाहावे. ११८८ साली 'सलादीन दशांश' या नावाने उत्पन्नाचा व जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा कर म्हणून वसूल करण्यात आला. जे स्वत: क्रुसेडवर निघाले त्यांना सूट होती. मार्च ११९० मध्ये यॉर्क येथे जमावाच्या भीतीने यहुदी कुटुंबे किल्ल्याच्या बुरुजात आश्रयाला गेली आणि सुमारे दीडशे जीव तेथे संपले. काहींनी स्वत:च्या हातांनी मरण पत्करले. जे बाहेर आले त्यांना जमावाने मारले. त्यानंतर जमावाचे पुढारी यॉर्कच्या मुख्य चर्चमध्ये गेले आणि तेथे ठेवलेले कर्जाचे दस्तऐवज त्यांनी जाळून टाकले. घोषणा धर्माची होती. जळाले मात्र कर्जखत.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने यहुदी व मुसलमान यांनी ओळखू येईल असा वेगळा पोशाख करावा, असा नियम केला. इंग्लंडमध्ये १२१८ साली यहुद्यांच्या वस्त्रावर खूण लावण्याची सक्ती झाली आणि १२९० साली त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. पेशवाईत अस्पृश्याने हातात वा गळ्यात काळा दोरा बांधावा, पुण्यात कमरेला झाडू बांधून चालावे, असे नियम होते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहार' या विषयावरील आपल्या न झालेल्या भाषणात लिहून ठेवले. देश वेगळे, धर्म वेगळे, शतके वेगळी. परंतु ज्याला हीन ठरवायचे त्याच्या अंगावर आधी खूण लावायची, ही रीत एकच.

एकदा 'शत्रू' ही जागा तयार झाली की त्या जागी कोणालाही बसविता येते. १२०४ साली चौथे क्रुसेड मुसलमानांकडे गेलेच नाही. त्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती जगातील थोर नगर लुटले. १२०९ साली फ्रान्समधील बेझिये नगरात पाखंडी ख्रिस्त्यांविरुद्धच्या क्रुसेडने स्वकीयांचीच कत्तल केली. कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीची जखम इतकी खोल होती की २००१ साली, म्हणजे सुमारे आठशे वर्षांनी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी अथेन्समध्ये जाऊन त्याबद्दल खेद व्यक्त केला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. अक्का १२९१ साली पडले आणि सीरियाच्या किनाऱ्यावरील क्रुसेडी राज्ये संपली. मग आज एकविसाव्या शतकात हा विषय जिवंत कसा? ही जखम आठशे वर्षे सतत वाहत होती काय? तसे दिसत नाही. मध्ययुगीन अरब इतिहासकार या आक्रमकांना 'फ्रंज', म्हणजे फ्रँक, एवढेच म्हणत. 'सलीबी युद्धे' हा अरबी शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. त्याच शतकात युरोपने आपल्या साम्राज्यांना शोभा यावी म्हणून जुने क्रुसेड उकरून काढले. वॉल्टर स्कॉटची 'द टॅलिस्मन' ही कादंबरी १८२५ ची, रिचर्डचा पुतळा १८६० चा. १८९८ साली जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म दमास्कसला सलादीनच्या कबरीवर पुष्पचक्र वाहून आला. डिसेंबर १९१७ मध्ये जनरल ॲलनबी जेरुसलेमात शिरला, तेव्हा लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने रिचर्डचे स्वप्न पूर्ण झाल्याचे व्यंगचित्र छापले. ज्यांच्यावर राज्य केले गेले, त्यांनी राज्यकर्त्यांचीच ही भाषा ऐकली आणि तीच उलटी फिरविली. खपली धरलेली जखम दोन्ही बाजूंनी हेतुपुरस्सर उकलली गेली, असे आम्हांस वाटते.

पुढील घटना आपल्या हयातीतील आहेत. १९९८ साली बिन लादेनच्या जाहीरनाम्यात 'यहुदी व क्रुसेडर' हे शत्रू ठरले. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील भीषण हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी अध्यक्ष बुश यांच्या तोंडून 'क्रुसेड' हा शब्द निघाला. त्याच्या आदल्याच दिवशी ॲरिझोना राज्यात एका शीख गृहस्थाचा, दाढी व पगडी पाहून, मुसलमान समजून खून झाला होता. २०११ साली नॉर्वेत ७७ माणसे मारणारा मारेकरी स्वत:ला टेंप्लर सरदार म्हणवीत होता. २०१९ साली न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याच्या शस्त्रांवर जुन्या लढायांची नावे लिहिलेली होती. परदेशात राहणाऱ्या, सावळ्या कातडीच्या आपल्या मुलांना कोणी 'तू कोणत्या धर्माचा?' असे विचारून मग मारणार नाही. ही युद्धे दुसऱ्यांची आहेत असे म्हणून आपण बाजूला राहू शकत नाही, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे, परंतु ते बोलणे आवश्यक आहे. परदेशातही आज आपल्या समाजाला एक निमंत्रण दिले जाते. तुमचे विहार, तुमचा नालंदा कोणी उद्ध्वस्त केला ते आठवा, आणि आमच्या रांगेत उभे राहा, असे ते निमंत्रण. विहार उद्ध्वस्त झाले हे खरे आहे. मुसलमान आक्रमकांनी बौद्ध विहारांचा व भिक्षूंचा संहार केला, हे बाबासाहेबांनी स्वत: स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. परंतु त्यांनी एवढेच लिहून लेखणी खाली ठेवली नाही. ब्राह्मणी प्रतिक्रांतीने बौद्ध धम्माला त्याआधीच कसे पोखरले, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडले. निमंत्रण देणारे अर्धे पान वाचून दाखवितात आणि उरलेले अर्धे दुमडून ठेवतात.

आपल्या चळवळीची स्मृती अशी दुमडता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला हिंदूंनी जागा नाकारली आणि ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. आणि १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी पाण्याने तोंड धुतले म्हणून बाबासाहेबांना व त्यांच्या सहकाऱ्यांना 'तळे बाटविले' अशी शिवीगाळ करणारा जमाव मुसलमानांचा होता. या तिन्ही गोष्टी आपल्याच खात्यात जमा आहेत. त्यांतली एकच निवडणारा माणूस इतिहास सांगत नसतो, तो भरती करीत असतो.

महाडची आणखी एक शिकवण आहे. मार खाल्लेले, संतापलेले शेकडो तरुण त्या दिवशी बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी प्रतिहल्ल्याचा शब्द दिला नाही. शांत राहण्याचा दिला. अपमानाची स्मृती त्यांनी पुसली नाही. त्यांनी तिचे रूपांतर हक्कात केले, न्यायालयात केले, पुढे राज्यघटनेच्या कलमांत केले. क्रुसेडची स्मृती आणि चवदार तळ्याची स्मृती यांतील फरक हाच आहे. एक सूड मागते, दुसरी समता मागते.

धर्माच्या नावाने हत्या हा केवळ परक्यांचाच दोष आहे, असा गर्व मात्र आपण बाळगू नये. बाराव्या शतकात क्लेरवोच्या बर्नार्डने टेंप्लर सरदारांना सांगितले की, श्रद्धाहीनास मारणे ही मनुष्यहत्या नव्हे, तो पापाचा वध होय. त्याच्याही कित्येक शतके आधी श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली ग्रंथात, युद्धातील संहाराने खिन्न झालेल्या दुट्ठगामणी राजाचे सांत्वन अर्हत असेच करतात : मेलेल्यांत खरी माणसे दीडच, बाकीचे श्रद्धाहीन, पशुवत्. युक्तिवाद तोच, आणि तो आपल्या परंपरेच्या पुस्तकात आहे. २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून गेले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध विष ओकणाऱ्यांत चीवरधारी भिक्षूही होते. चीवर अंगावर असले म्हणजे धम्म मनात असतोच, असे नाही.

म्हणूनच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा नव्याने सांगितली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात युद्ध ठरले तेव्हा संघाच्या सभेत विरोधी मत देऊन सिद्धार्थ घराबाहेर पडला. ज्या धम्माचा आरंभच युद्धाविरुद्धच्या एका मतातून झाला, त्याच्या अनुयायांना धर्मयुद्ध हा शब्द उच्चारताना अडखळायला हवे. बाबासाहेब भाबडे अहिंसावादी नव्हते. 'मारण्याची इच्छा' आणि 'मारण्याची गरज' यांत बुद्धाने भेद केला, असे त्यांनी त्याच ग्रंथात सांगितले आहे. आत्मरक्षणाची गरज असू शकते. पण गरजेला पुण्याचा मुलामा दिला की तिची इच्छा होते. क्लेरमाँ येथे नेमके हेच घडले.

मग मुलांना काय सांगावे? रिचर्ड आणि सलादीन यांच्याबरोबर आणखी दोन नावे सांगावीत, असे आम्ही सुचवितो. सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल. फेब्रुवारी १२२९ मध्ये या दोघांनी जेरुसलेमचा प्रश्न लढाईवाचून, कराराने सोडविला. नगर ख्रिस्त्यांकडे, अल-अक्सा व घुमटाचे आवार मुसलमानांकडे, मुदत दहा वर्षांहून थोडी अधिक. या कराराबद्दल दमास्कसच्या मशिदीत सुलतानाविरुद्ध शोक करण्यात आला. आणि फ्रेडरिक अक्का बंदरातून निघाला तेव्हा त्याच्याच धर्माच्या लोकांनी त्याच्यावर खाटकाच्या दुकानातील आतडी फेकली. त्यांचे पुतळे पार्लमेंटसमोर नाहीत. परंतु त्या दहा वर्षांत जेरुसलेमवरून जी माणसे मेली नाहीत, त्यांची संख्या हेच त्यांचे स्मारक आहे.

आणि आपल्यासारख्या परदेशस्थांसाठी एक छोटी गोष्ट. उसामा इब्न मुन्किध हा बाराव्या शतकातील सीरियाई सरदार आपल्या आठवणींत सांगतो की, जेरुसलेमात त्याचे टेंप्लर मित्र त्याला नमाजासाठी जागा करून देत. एके दिवशी एका फ्रँकने त्याला धरून त्याचे तोंड जबरीने पूर्वेकडे फिरविले. टेंप्लरांनी त्या माणसाला दूर केले आणि क्षमा मागितली : हा नुकताच आला आहे. उसामाचे निरीक्षण असे की, नव्याने आलेले फ्रँक अधिक उग्र असत. जे बरेच दिवस शेजारी राहिले ते निवळत.

आपणही येथे नुकते आलेले नाही. शेजारच्या घरात कधी पाकिस्तानी कुटुंब असते, कधी पोलिश, कधी यहुदी. त्यांच्या जखमांचा इतिहास आपल्या मुलांना माहीत असावा, आपल्या जखमांचा इतिहास त्यांना सांगता यावा. आणि कोणी कोणाचे तोंड धरून फिरवू लागला, तर मध्ये पडून त्याला दूर करणारा हात आपल्या घरातील असावा. पुढल्या वेळी पाहुण्यांसह त्या पुतळ्यासमोर उभे राहू, तेव्हा मुलांकडून शौर्याची गोष्ट ऐकून घेऊ. मग यॉर्कचा बुरूज, जेरुसलेमचे विकले गेलेले गरीब आणि रोहिणीकाठचे ते एक विरोधी मत, हे आपण त्यांना सांगू.

जयभीम!